उत्तराची वाट किती पाहावी?

वाचकहो, माझे आयुष्य रुग्णालयात गेले. सलाइनचे थेंब मोजणे आणि रुग्णाची घंटा वाजली की धावणे, ही माझी विद्या. तेव्हा संगणकाच्या जाळ्याविषयी मी लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. पण माझा भाचा त्याच कामात आहे. "मावशी, आम्हीही थेंबच मोजतो," असे म्हणून त्याने जे समजावले, ते सांगण्याजोगे आहे.

संगणक मजकुराची लहान लहान पाकिटे करून धाडतो. पलीकडून पोच आली की पुढची पाकिटे निघतात. पोच आली नाही, तर पाकीट हरवले असे समजून तेच पुन्हा धाडतो. मग वाट किती वेळ पाहावी? सारी मेख इथेच आहे. उतावळेपणा केला, तर नुसत्या उशीर झालेल्या पाकिटांच्या प्रती रस्त्यावर येऊन गर्दी वाढते. फार थांबले, तर काम खोळंबते.

1986 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामध्ये अशीच कोंडी झाली. अंतर अवघे 400 यार्ड, पण वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला! व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरेल्स यांनी त्यावर शोधलेले उपाय 1988 साली प्रसिद्ध झाले.

पहिला उपाय घड्याळाचा. पोच यायला लागणाऱ्या वेळाची नुसती सरासरी धरायची नाही. तो वेळ किती वरखाली होतो तेही पाहायचे. आजच्या नियमाप्रमाणे सरासरीत त्या चढउताराची चौपट मिळवतात. तरीही पोच आली नाही, तर दर खेपेस थांबण्याचा वेळ दुप्पट करतात. आम्ही नर्सेस तरी काय करतो? नाडी एकदा 90 लागली म्हणून घाबरत नाही. त्या रुग्णाची नेहमीची नाडी किती आणि ती किती हलते, ते पाहतो.

दुसरा उपाय वेगाचा. सुरुवात थोडक्याने करायची, पोच येईल तसे वाढवायचे, आणि पाकीट हरवले की मर्यादा निम्म्यावर आणायची. बाटली भरलेली आहे म्हणून सलाइन भराभर सोडत नाहीत. हृदयाला किती झेपेल ते पाहतात. पुढे या पद्धतीत पुष्कळ सुधारणा झाल्या. पण मूळ गोष्ट तीच राहिली: रस्त्यावर कोणी पोलीस उभा नाही, गर्दी ओळखून ज्याने त्याने आपला हात आवरायचा.

हे ऐकून मला ठाण्याची माझी थोरली बहीण आठवली. ती एकटी राहते. आमची तरुण मंडळी चार घंटा झाल्या की फोन ठेवतात आणि लगेच पुन्हा फिरवतात. ती बिचारी गुडघे धरून फोनपर्यंत येते तोच घंटा थांबते. जाऊन टेकते तोच पुन्हा वाजते. उत्तर मिळत नाही याचे कारण आपली घाईच!

आता आमच्या घरी नियम केला आहे. फोन पुरेसा वाजू द्यावा. पावसाळ्यात गुडघे आखडतात, तेव्हा अधिक. उचलला नाही तर पाच मिनिटांनी, मग दहा, मग वीस मिनिटांनी करावा. त्यानंतर मात्र शेजारणीला सांगून दार ठोठवावे. थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. पलीकडच्या माणसाला यायला किती वेळ लागतो, हे जाणून थांबावे आणि कुठवर थांबायचे तेही ठरवून ठेवावे.