गवताच्या कडेला बसून

विम्बल्डनला जायचं तर सेंटर कोर्टाचाच हट्ट धरू नये, असं मला आता मनापासून वाटतं. मी आणि ताई पहिल्या आठवड्यात रांगेतून आत गेलो, ग्राउंड पास घेतला आणि दिवसभर बाहेरच्या कोर्टांवर बसलो. लहानपणापासून टीव्हीवर पाहत आलेली ही स्पर्धा मला त्या दिवशी कळली, ती गवतामुळे.

रांगेचीही इथे शिस्त आहे. विम्बल्डन पार्कच्या मैदानात आम्ही पहाटे पोचलो, तर कित्येक जण रात्रीच तंबू ठोकून झोपलेले. हातात तारीख आणि क्रमांक छापलेलं कार्ड मिळतं. तोच आपला नंबर. दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही. सेंटर कोर्टाची तिकिटंसुद्धा बहुतेक दिवस या रांगेसाठी राखलेली असतात. एवढ्या मानाच्या स्पर्धेनं आयत्या वेळी येणाऱ्या साध्या प्रेक्षकासाठी दार उघडं ठेवलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

बाहेरच्या कोर्टांवर बाकं अगदी कडेला. टीव्हीचा कॅमेरा उंचावरून बघतो, त्यामुळे गवतावर चेंडू किती खाली राहतो ते घरी बसून समजतच नाही. समोर महिला एकेरीचा सामना चालू होता. एकीनं बॅकहँड स्लाइस मारला. टप्पा पडल्यावर चेंडू वर आलाच नाही, सरपटत पुढे गेला. दुसरीचा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकला, तेव्हा कुठे तिची रॅकेट पोचली. सुरुवातीच्या दिवसांत गवत ताजं, म्हणून निसरडं. दोघींची पावलं बारीक, जपून पडत होती. चार थेंब पडले मात्र, खेळ थांबला आणि मैदान सांभाळणारी पोरं धावत येऊन भलंमोठं आच्छादन ओढून मोकळी झाली.

ऊन पडल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. ताई स्वतः खेळलेली, तिची नजर भलतीकडेच.

"अगं, गवत कुठे झिजतंय बघ. फक्त बेसलाइनपाशी. आपल्या लहानपणी पार नेटपर्यंत पट्टा पडायचा."

खरंच होतं ते. तेव्हा सर्व्हिस केली की खेळाडू नेटकडे धावायचे. २००१पासून इथे निव्वळ राय गवत पेरतात. स्पर्धेच्या वेळी ते आठ मिलिमीटर उंचीचं राखतात. जमीन टणक राहते, उसळी भरवशाची मिळते. शिवाय रॅकेट आणि तारा बदलल्या. खेळाडू मागेच राहून खेळू लागले. एका पिढीचा खेळ कसा बदलला, ते त्या पिवळट पट्ट्यावरून वाचता येत होतं.

संध्याकाळी कोर्टांमधून फिरताना ताईनं लीला राव यांचा विषय काढला. तुकाराम आणि रामदास यांची चरित्रं संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची ही मुलगी. १९३४मध्ये त्या विम्बल्डनमध्ये सामना जिंकल्या. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. १८७७मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९२२पासून चर्च रोडच्या याच आवारात भरते. म्हणजे लीलाबाई इथेच खेळल्या. त्यांचं नाव मराठी घरांत क्वचितच निघतं, याची मला खंत वाटली.

त्यांच्या पायाखालचं गवत अर्थातच कधीच गेलं. स्पर्धा उरकली की झिजलेला थर खरवडून काढतात, नवं बी पेरतात, आणि पुढच्या जूनपर्यंत त्याची निगा राखतात. जेमतेम दोन आठवड्यांच्या खेळासाठी वर्षभराची ही मेहनत! खेळाडूंचं कौतुक जग करतंच. मला विम्बल्डनचा मोठेपणा दरवर्षी नव्यानं जमीन तयार करणाऱ्या त्या माणसांच्या हातांत दिसला.