सायकलीवरचें बिऱ्हाड

बैलगाडींत सामान भरणारा मनुष्य बैलांचा विचार करी. सायकलीनें मुक्कामी प्रवासास निघणाऱ्यास बैलाचा आणि गाडीवानाचा, दोघांचाही विचार करावा लागतो, कारण दोन्ही कामें त्यालाच करावयाचीं असतात!

पिंगुळीच्या आमच्या घरांतील पांच तरुण मंडळींनीं यंदा तीन दिवसांच्या सफरीचा बेत मांडला. कुडाळवरून नेरूरपारचा पूल ओलांडून धामापूर. पुढें मालवण, तारकर्ली, देवबाग. तेथें कर्लीची खाडी होडींतून उतरून भोगवें. आणि परुळें-वालावलच्या वाटेनें घर. अंतर शंभर किलोमीटरांच्या आंतच भरतें. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ मध्यें ती पुरी करून परतले. त्यापुढें आमची सफर ती कितीशी! पण घरांत वाद झाला तो अंतरावरून नव्हेच. पांचांत माझी सतरा वर्षांची पुतणी होती, आणि दोन रात्री तंबूंत काढावयाच्या होत्या.

आमच्या मातुःश्रींनीं थेट नकार दिला नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारले. मुक्काम कोणाच्या अंगणांत? विहीर कोणती? दिवेलागणीपूर्वीं पोंचाल काय? एक दमला तर बाकीचे थांबणार कीं पुढें जाणार? मुलांजवळ नकाशा होता, उत्तरें नव्हतीं.

मग बेत पुन्हां बसून केला. पहिला मुक्काम धामापुरास, १५३० सालच्या त्या तलावाजवळ, ओळखीच्या घराच्या अंगणांत. "वीस किलोमीटर म्हणजे सफर कसली?" अशी कुरकूर झाली. परंतु कोणती दोरी सैल बसली आणि कोणतें ओझें फुकट घेतलें, तें पहिल्या दिवशींच कळतें. त्या दिवशीं घर जवळ असलेलें बरें. मुलांना भोगव्यास पौर्णिमा हवी होती. मातुःश्री म्हणाल्या, "पौर्णिमेस उधाण असतें रे. अष्टमीच्या सुमारास भांग; पाणी फार चढत नाहीं, आणि चांदणें मध्यरात्रीपर्यंत पुरतें." तिथि ठरली. हिवाळ्यांत या किनाऱ्यावर कासवें अंडीं घालावयास येतात. म्हणून वाळूवर शेकोटी नाहीं, प्रखर दिवे नाहींत, आणि तंबू वाळूपासून दूर, माडांच्या बागेंत, मालकाच्या परवानगीनें.

ओझ्याचा धडा गांवांतच मिळण्यासारखा होता. येथील ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या घेऊन गांवोगांव हिंडत. त्यांपैकीं परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली. खेळाला जें लागेल तेंच बरोबर, हा फिरत्या धंद्याचा हिशेब. त्याच हिशेबानें पांच पातेल्यांचीं दोन झालीं. तांदूळ, स्टोव्ह, तंबू यांची वांटणी झाली. जड सामान मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस, खालीं, समतोल. सर्वांत सावकाश चालविणारा पुढें राहील व त्याच्या वेगानें सगळे जातील. पंप आणि पंक्चरचें सामान सर्वांत शेवटच्या सायकलीवर. ती सायकल पुतणीची, कारण ट्यूब काढून ठिगळ लावणें पांचांत तिलाच चांगलें येतें.

हें सर्व ऐकून मातुःश्रींनीं तिच्या जाण्यास संमति दिली. अट एकच घातली: पैशांची पिशवी तिच्याजवळ राहील. मुलगे एकमेकांकडे पाहूं लागले, पण कोणी हरकत घेतली नाहीं. मंडळी मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस निघावयाची आहेत.