वीस हजार तबकड्या आणि एक सामाईक वही

म्हैसूरला सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. चामुंडीची टेकडी, अंबाविलास राजवाडा, संध्याकाळी वृंदावनातली कारंजी आणि परतीच्या पिशवीत चंदनाचा साबण नि म्हैसूरपाक. चित्रांची आवड असणारे जगन्मोहन राजवाड्यातल्या सावळाराम हळदणकरांच्या चित्राची चौकशी करतात. हातात दिवा घेतलेल्या मुलीचं ते जलरंगातलं चित्र आपल्या सावंतवाडीच्या माणसानं काढलेलं, म्हणून त्याचं कौतुक जरा जास्तच. पण याच शहरात एकेकाळी ग्रामोफोनच्या तबकड्यांचा केवढा मोठा संग्रह होता, हे मात्र गाईड सहसा सांगत नाही.

हा संग्रह होता म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचा. जन्म १९१९चा. तरुणपणी त्यांच्या मनात पियानोवादक व्हायचं होतं. पण १९४० साली आधी वडील गेले, पाठोपाठ चुलते, म्हणजे नाल्वडी कृष्णराज वाडियार गेले आणि एकविसाव्या वर्षी गादीवर बसावं लागलं. पियानोवर लंडनच्या परीक्षा देण्यापुरतंच ते स्वप्न उरलं. पुढे कर्नाटक संगीतात त्यांनी ९४ कृती रचल्या. पाश्चात्त्य संगीत मात्र ते तबकड्यांवर ऐकत राहिले. १९५०च्या सुमारास त्यांच्याकडे अंदाजे वीस हजार तबकड्या होत्या, असं सांगतात.

वीस हजार म्हणजे किती? जुनी दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते. तबकडीच्या दोन्ही बाजू धरून रोज तीन तास ऐकायचं म्हटलं, तर एकदा सगळा संग्रह संपवायला जवळजवळ दोन वर्षं लागतील. आणि बारा इंची असतील तर त्याहूनही जास्त. ईएमआय या इंग्लिश कंपनीचा निर्माता वॉल्टर लेग म्हैसूरला आला, तेव्हा तो हे सगळं पाहून चक्रावूनच गेला. गंभीर संगीताच्या म्हणून जेवढ्या ध्वनिमुद्रिका कल्पनेत येतील तेवढ्या तिथं, शिवाय तऱ्हेतऱ्हेचे लाऊडस्पीकर आणि मोठे पियानो. लेगच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाला नीट उभं राहता यावं म्हणून महाराजांनी तीन वर्षं दरसाल दहा हजार पौंड द्यायचं कबूल केलं. लंडनमध्ये म्हातारपण आणि आजारपण काढत असलेल्या निकोलाय मेटनर या रशियन संगीतकाराची रचना त्याच्याच हातून वाजवून घेऊन तबकड्यांवर उतरवण्याचा खर्चही म्हैसूरच्या खजिन्यातूनच झाला. मेटनर १९५१ साली वारला. त्याचं वादन आज ऐकायला मिळतं ते बव्हंशी त्या तबकड्यांमुळे. आपला तिसरा पियानो कन्चेर्टो त्यानं महाराजांना अर्पण केला आहे.

यातला एक प्रसंग तर मन लावून ऐकण्यासारखा आहे. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड श्ट्राउसची अखेरची चार गाणी पहिल्यांदा गायली गेली. गायिका किर्स्टन फ्लागस्टाड, वाद्यवृंदापुढे विल्हेल्म फुर्टवेंगलर. या कार्यक्रमाला पैशांची हमी दिली होती म्हैसूरच्या महाराजांनी. त्यांना स्वतःला लंडनला जाणं जमलं नाही. म्हणून तो कार्यक्रम ॲसिटेटच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून त्यांच्याकडे धाडण्यात आला.

आता ॲसिटेट म्हणजे काय, हे ज्यांनी हाताळलंय त्यांनाच ठाऊक. धातूच्या पत्र्यावर लाखेसारखा मऊ लेप असतो आणि आवाज थेट त्यावर कोरला जातो. ताबडतोब ऐकता येते ही तिची सोय. पण दर वेळी सुई फिरली, की चर थोडी झिजते. दहा-वीस वेळा हौसेनं ऐकलं, की वरच्या पट्टीतले नाजूक आवाज हरवू लागतात आणि त्या जागी खरखर येते. त्या ऐतिहासिक संध्याकाळच्या तबकड्यांवरून लाँग प्ले काढायची वेळ आली, तेव्हा त्या भलत्याच झिजलेल्या होत्या. आज ती मैफल ऐकायला मिळते ती खरखरीच्या पडद्याआडून.

दोष कोणाला द्यायचा? ऐकण्यासाठीच तर तबकडी असते! पण अशी तबकडी कितीदा लावावी, कोणती सुई वापरावी, आधी नक्कल का काढून ठेवावी, ही माहिती त्या काळी कंपन्यांच्या तंत्रज्ञांपाशी होती, आणि रसिकांपाशी होती ती ज्याची त्याच्यापाशी. हाय-फायच्या शौकिनांची ही जुनी खोड म्हणा ना. स्पीकर कुठं ठेवला तर ढोलकी खुलते, हे ज्याला सापडलं तो ते खाजगीत ठेवतो. तबकड्यांच्या संग्राहकाचं तर विचारूच नका. चोरबाजारात कोणत्या गाळ्यावर काय मिळतं, ते तो सख्ख्या भावालाही सांगणार नाही.

म्हैसूरचीच दुसरी कथा आहे गौहरजानची. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग या इंग्लंडहून आलेल्या तंत्रज्ञापुढे ती गायली आणि हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणाच्या अगदी पहिल्या तारकांपैकी एक झाली. गाणं संपलं, की ती इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगे. लोकांना ती तिची ऐट वाटायची. कारण मात्र साधं होतं. मुद्रणाचे मूळ साचे जर्मनीत हॅनोवरला जात. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणं एकासारखंच दुसरं! तबकडीवर कोणाचं नाव छापायचं हे त्यांना आवाजातूनच कळावं, म्हणून ही युक्ती. कित्येक गायक-गायिकांच्या त्या काळच्या तबकड्यांवर असा नावाचा पुकारा ऐकू येतो. म्हणजे आपल्याकडची पहिली नोंदवही तबकडीतच बोलून ठेवलेली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

हीच गौहरजान उतारवयात, पैसा नि माणसं दोन्ही सरल्यावर, म्हैसूरला आली. नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी ऑगस्ट १९२८मध्ये दरमहा पाचशे रुपयांवर तिला दरबारात ठेवलं. दीडच वर्षात, १७ जानेवारी १९३० रोजी, ती तिथंच वारली. पुढे वाडियार घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी राजवाड्याची दप्तरं चाळणाऱ्या विक्रम संपत यांच्या हाती तिचे कागद लागले. त्यातून २०१० साली तिचं चरित्र आलं. मग संपत यांनी बंगळुरूत आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक ही संस्था काढून जुन्या तबकड्या संगणकावर उतरवल्या आणि कोणालाही फुकट ऐकता याव्यात अशा खुल्या केल्या. म्हैसूरच्या एका फायलीतून इतकं निघालं.

पण नुसता आवाज खुला करून भागत नाही. कारण जुनी तबकडी वाजवणं हेच मुळात शास्त्र आहे. आपण सरसकट अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी म्हणतो. पण सुरुवातीच्या काळात कोणी ती ७४ फेऱ्यांवर कापली, कोणी ८०वर. चौऱ्याहत्तरवर कापलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर लावली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानं चढतो. काळी एकमध्ये गाणारा बिचारा पांढरी दोनच्या आसपास जाऊन पोचतो, आणि तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंद आधीच आटोपतं. मग आपण म्हणतो, काय तान होती हो जुन्या लोकांची! तीच गोष्ट सुईची. जुन्या तबकडीची चर रुंद, लाँग प्लेची अरुंद. लाँग प्लेची सुई जुन्या तबकडीवर ठेवली, तर ती चरीच्या तळाशी गाळ उपसत जाते. शिवाय १९२५पूर्वीचं ध्वनिमुद्रण विजेविना, कर्ण्यात गाऊन झालेलं. त्यानंतरचं मायक्रोफोनवरचं. प्रत्येक कंपनी मंद्र आवाज किती दाबायचा नि तार किती उचलायचा ते आपल्या मनानं ठरवी. १९५४च्या सुमारास त्याचं एक प्रमाण ठरलं. त्याआधीच्या तबकडीला आजचा ॲम्प्लिफायर जसाच्या तसा लावला, तर गायकाचा गळा बसल्यासारखा वाटतो, नाहीतर चिरका तरी.

हे सगळं एका माणसाला कळणं अशक्य. त्यासाठी अनेकांनी आपापली टिपणं एकत्र आणायला हवीत. हे काम आपल्या मुंबईत झालं, ही मराठी वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट. १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे सुरेश चांदवणकर तिचे मानद चिटणीस. १९९१पासून संस्थेनं 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं पत्रक काढलं. आधी त्रैमासिक, पुढे वार्षिक. ना रंगीत कव्हर, ना मोठ्या जाहिराती. आत काय असायचं? अमुक गायकाच्या सगळ्या तबकड्यांची क्रमवार यादी. तमुक कंपनीच्या लेबलाचा रंग कधी बदलला. जुन्या सूचीपत्रकांतल्या नोंदी, गेलेल्या संग्राहकांवर चार ओळी. मुंबईबाहेर सोलापूर, नांदेडसारख्या ठिकाणच्या हौशी मंडळींनीही आपल्या गावी श्रवणसत्रं सुरू केली. कोणीतरी घरून पेटारा आणायचा, तबकडी लावायची, आधी माहिती सांगायची, मग सगळ्यांनी ऐकायचं.

वरवर पाहता ही रिटायर लोकांची करमणूक वाटेल. पण यादी करण्यातली मेख अशी, की यादीला खाडा चालत नाही. तबकडीच्या लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत एक बारीक आकडा उमटवलेला असतो. तो ध्वनिमुद्रणाचा अनुक्रमांक. लेबलवर छापलेला विक्रीचा क्रमांक वेगळा. हे आकडे एकापुढे एक मांडले, की त्या दिवशी आधी कोण गायलं, मग कोण, मधला कोणता आकडा सापडत नाही, हे सगळं दिसू लागतं. सापडत नसलेली तबकडी मग कधी एखाद्याच्या माळ्यावर निघते. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनिअर यांनी याच पद्धतीनं हिंदुस्थानातल्या पहिल्या दशकभराच्या ध्वनिमुद्रणांचा हिशेब लावला. त्यांचं पुस्तक १९९४ साली पॉप्युलर प्रकाशनानं मुंबईतूनच काढलं. 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक पुढे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात ठेवले गेले. म्हणजे सोलापूरच्या कोणा शिक्षकानं पेन्सिलीनं लिहून धाडलेला आकडा आज जगात कुठंही बसून पाहता येतो, आणि चुकला असेल तर दुरुस्तही करता येतो. हे दुरुस्त करणं फार मोलाचं. राजवाड्यातल्या कपाटात चूक असली, तर ती तिथंच राहते.

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. त्यांना म्हैसूरच्या दरबारात मान होता आणि तिकडची कर्नाटक पद्धत त्यांनी आपलीशी केली होती. त्यांच्या ओडियन तबकड्यांत कर्नाटक कृतीही आहेत. आता हा माणूस हिंदुस्थानी संग्राहकाच्या यादीत बसवायचा की दक्षिणेच्या? दोन्हीकडची टिपणं एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय तो पुरा दिसत नाही.

कायद्याचीही अडचण आता पूर्वीइतकी नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. बहुतेक अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या त्या मुदतीपलीकडे गेल्या आहेत. गाण्याच्या शब्दांचा नि चालीचा हक्क मात्र वेगळा पाहावा लागतो. खरी अडचण आहे ती घरातली. आजोबा जातात, माळा रिकामा करायचा असतो, आणि तबकड्या जड. रद्दीवाला किलोवर नेतो. कोणी प्रेमानं पुसायला घेतं आणि बाटलीत असतं ते स्पिरिट! जुनी तबकडी लाखेची असते आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. विनाइलच्या लाँग प्लेला जो उपाय चालतो, तोच इथं गाणं पुसून टाकतो. ही एक ओळ वेळेवर ठाऊक नसल्यानं किती बालगंधर्व नि किती हिराबाई धुऊन निघाल्या असतील, देव जाणे.

तेव्हा माळ्यावर पेटारा असलाच, तर तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. उन्हात नकोत. पुसायच्याच तर मऊ कापडानं, चरीच्या दिशेनं. आणि कोणाला द्यायच्या झाल्या, तर आधी एक वही घेऊन बसावं. लेबलवरचा क्रमांक, मोकळ्या जागेतला बारीक आकडा, गायकाचं नाव, दोन्ही बाजूंची गाणी. कव्हरावर कोणीतरी शाईनं लग्नाची तारीख किंवा दुकानाचा शिक्का मारलेला असेल, तर तोही उतरवून घ्यावा.