झाकणाआडचा दिवा

अपरात्री मरणासन्न रुग्णासाठी पवित्र तेल घेऊन निघावे, तर धर्मग्रामाची मोटार निपचित! बॅटरी नवी घातली. तीही चार दिवसांत उतरली. मग मिस्त्रींनी बॅटरीची ऋण वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. उभ्या मोटारीला सहसा ५० मिलिअँपिअरहून अधिक वीज लागू नये. येथे आकडा ४०० होता. आम्ही एकेक फ्यूज काढत गेलो. एकापाशी आकडा झर्रकन उतरला. त्या वाटेवर डिकीतला ५ वॅटचा दिवा होता. बटण अडकल्याने झाकण मिटल्यावरही तो जळत राही.

पापनिवेदनापूर्वीचे आत्मपरीक्षण याहून वेगळे नाही. ‘आम्ही पापी आहोत’ एवढे मोघम म्हणून गळती सापडत नाही. एकेक दालन तपासावे लागते. मोठे पाप चटकन डोळ्यांत भरते. झाकणाआड जळणारा भावाविषयीचा जुना राग मात्र कोणालाच दिसत नाही, आणि प्रार्थनेला बसावे तर अंतःकरण रिते!