चार लिंक, चार शेजारी

ट्रान्सप्युटर हा प्रोसेसर ब्रिस्टॉलच्या इनमॉस कंपनीने काढला. एका चिपला इतर चिप्सशी जोडायला चार लिंक. शेजारीही फार तर चारच. पुण्यात सी-डॅकने 1991 साली उभा केलेला महासंगणक परम 8000 याच चिप्सचा होता.

चिपला स्वतःचा क्रमांक नसे. वीज आली की ती चारही लिंकवर वाट पाहत थांबे. ज्या लिंकवरून पहिला बाइट येई, तिचेच ऐके. बाइट शून्य असला, तर आधी पत्ता घेई आणि त्यामागचा शब्द मेमरीत तिथे लिही. एक असला, तर मेमरीतला शब्द वाचून परत पाठवी. त्याहून मोठा आकडा म्हणजे येऊ घातलेल्या प्रोग्रॅमची लांबी.

जाळ्यात किती प्रोसेसर आहेत, ते शोधायला ‘वर्म’ नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. तो पहिल्या चिपमध्ये शिरून तिच्या लिंक एकेक करून चाचपी. पलीकडे चिप भेटली की आपलीच प्रत तिथे पाठवी. तिथे आधीच पोचलेला असला, तर तसे उत्तर येई. शून्य, एक, दोन हे क्रमांक या फेरीतच पडत. उत्तर आले नाही, तर तार निसटलेली असे, चिप गेलेली असे, किंवा तिथे मुळात काही नसे. आता प्रोसेसरांची यादी फर्मवेअर तयार ठेवते.

शेजार बदलायचा, तर तारा उपसून दुसरीकडे खोचाव्या लागत. पुढे 32 लिंकचा सी004 स्विच आला. तारांचे काम गेले.

कोणते काम कोणत्या प्रोसेसरवर, हे माणूस ठरवी. ऑकम भाषेत ‘प्लेस्ड पार’ लिहायचे. खाली प्रोसेसरचा क्रमांक, त्याचे काम, कोणते चॅनेल कोणत्या लिंकवर. संदेशांचा क्रम चुकला, की दोन प्रोसेसर एकमेकांसाठी खोळंबत. आता कामे ऑपरेटिंग सिस्टिम हलवते. लिहिणाऱ्याला सहसा क्रमांक कळतही नाही.

चिपच्या आत कामांच्या दोन रांगा होत्या, तातडीची आणि साधी. त्यांची पाळी लावणारा शेड्यूलर चिपच्या मायक्रोकोडमध्येच होता. इतक्या विचाराने बेतलेले प्रोसेसर थोडेच झाले.

1989 साली इनमॉस एसजीएस-थॉमसनकडे गेली. टी9000 हा पुढचा ट्रान्सप्युटर फार उशिरा आला, तोही ठरल्या वेगाचा नव्हता. 1998 च्या परम 10000 मध्ये ट्रान्सप्युटर नव्हे, सनचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते.