खुंट, कातळ आणि ठिणगी

गेल्या महिन्यात लखनौच्या चारबाग स्थानकाबाहेर बराच वेळ उभा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चारबाग ते वसंत कुंज या ११.१६५ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाला मंजुरी दिली. त्यातील १२ स्थानकांपैकी ७ भुयारी आहेत. बातमी वाचून अनेकांच्या मनात खर्चाचा प्रश्न आला असेल. माझ्या मनात आला तो पायाखालच्या गोमतीच्या गाळाचा. अशा मऊ जमिनीत खोल खोदकामाच्या भिंती कशाच्या आधारावर उभ्या राहतात?

त्यावरचा एक उपाय म्हणजे ग्राउंड अँकर. भिंतीतून तिरके भोक पाडायचे, त्यात पोलादी दोर सोडायचा, सिमेंटचा ग्राउट भरायचा आणि तो घट्ट झाल्यावर दोर ताणून भिंतीला जखडायचा. गोठ्यातील खुंटाचेच हे रूप. बैलाने हिसका दिल्यावर खुंट टिकतो की उपटतो, हे बहुधा लाकूड नव्हे, मातीची पकड ठरवते. पकड वाढवण्यासाठी अँकरचे आतले टोक फुगवतात. १२ सेंटिमीटर व्यासाचे भोक १८ सेंटिमीटर झाले, तर तेवढ्याच लांबीत मातीला भिडणारा पृष्ठभाग दीडपट होतो. शिवाय फुगवट्याच्या खांद्याला समोरची माती अडवते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या, बुडाशी कंद असलेल्या पाइलचे तत्त्व हेच आहे.

फुगवायचे कसे, इथे माझा विषय येतो. ओल्या ग्राउटमध्ये उच्च दाबाच्या विजेची ठिणगी पाडली, की आघातलहर आणि प्रसरण पावणारा वायू भोवतालची माती मागे रेटतात. मोकळ्या जागेत ग्राउट शिरतो. तीच ठिणगी कातळ फोडते. पाण्यात बुडालेल्या खडकावर विजेचा दाब काहीशे नॅनोसेकंदांत चढवला, तर त्या क्षणी पाणी खडकापेक्षा चांगले विद्युतरोधक ठरते आणि ठिणगी खडकाच्या पोटातून जाते. दाब सोसणारा खडक ताणापुढे दुबळा असतो. त्याची ताण सोसण्याची क्षमता साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच. तो आतून उकलतो, सुरुंगाविना.

सुरुंगाविना, हा शब्द माझ्यासाठी साधा नाही. आजोबा सातारा जिल्ह्यात विहिरींच्या कातळात सुरुंग लावत. न उडालेला एक बार पाहायला ते खाली उतरले आणि उजव्या हाताची दोन बोटे गमावून वर आले. पीएच.डी.साठी मी पाण्यातील ठिणगी निवडली, ती त्यामुळे. तोवर मला तिचे फोडणेच ठाऊक होते. तीच धरूनही ठेवू शकते, हे पुढे उमगले.

मात्र प्रयोगशाळेतील आकड्यावर भिंत उभी करता येत नाही. सैल वाळू या धक्क्याने घट्ट होते. संपृक्त चिकणमातीत मात्र छिद्रांतील पाण्याचा दाब वाढून माती काही काळ दुबळी होते. म्हणून प्रत्यक्ष जागेवर, पुरेसे दिवस जाऊ देऊन, अँकर टप्प्याटप्प्याने ओढायचा, प्रत्येक भार काही काळ स्थिर ठेवायचा आणि तो किती मिलिमीटर सरकतो ते मोजायचे. ही चाचणी कंटाळवाणी असते, पण तिला पर्याय नाही.

आजोबाही नवा खुंट ठोकला की लगेच बैल बांधत नसत. आधी तो दोन्ही हातांनी हलवून पाहत; एका हाताला तीनच बोटे होती, तरीही.