वाडा उतरवताना

१६१० मध्ये मलिक अंबराने वसवलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. येथील गुलमंडी, सिटी चौक, पैठण गेट या जुन्या पेठांतून हिंडताना नव्या दुकानांच्या फलकांमागे अजूनही एखादा सागवानी खांब दृष्टीस पडतो. दर्शनी बाजूस पेढी, मागे चौक आणि माडीवर बिऱ्हाड, अशी व्यापारी घराण्यांच्या वाड्यांची घडण असे. वाटण्या होतात, वाडा पाडला जातो आणि नक्षीच्या चौकटी जुन्या लाकडाच्या भावाने विकल्या जातात.

पाडणे निराळे, उतरवणे निराळे. वाडा बांधला त्याच्या उलट क्रमाने तो उतरवावा लागतो: आधी माळवदाची माती, मग पाट व कड्या, नंतर तुळया आणि शेवटी तळखड्यावरचे खांब. कुसू आणि खाचेचे सांधे पाचर काढल्यावर जपून सोडवता येतात. मात्र त्यापूर्वी प्रत्येक लाकडावर क्रमांक घालून नकाशात त्याची जागा नोंदवणे अगत्याचे असते. खतावणीची पाने पृष्ठांकाविना सुटी झाली, तर कागद उरतो, हिशेब हरवतो.

पुण्यात डॉ. दिनकर केळकर यांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारला. वडिलोपार्जित वाड्याचे खांबही नव्या घरात पुन्हा भार पेलू शकतील. त्यासाठी पाडकामाच्या ठेकेदाराआधी जाणत्या सुताराला बोलवावे.